वाकडी रेघ

गेली एकवीस वर्षे मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवीत आहे. "हात मोकळा सोड, रेघ आपोआप सरळ येईल," हे वाक्य या काळात मी किती वेळा उच्चारले असेल त्याची गणती नाही. ते वाक्य किती पोकळ आहे, हे मात्र मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळले. आरशासमोर बसून मी उजव्या डोळ्याच्या कडेने एक बारीक काळी रेघ ओढली. ती बरी आली. मग डावा डोळा घेतला. डोळा उघडा ठेवावा तर पापणी फडफडते. मिटावा तर रेघच दिसत नाही. अर्धवट मिटावा तर पापणीची कातडी गोळा होते आणि खडकाळ रस्त्यावरच्या बैलगाडीसारखी रेघ तिच्यावरून उड्या मारीत जाते. डावी जाड झाली म्हणून मी उजवी जाड केली. उजवी जास्त झाली म्हणून डावी आणखी वाढवली. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली आहे. माझ्या दोन डोळ्यांचा न्याय मी अगदी त्याच माकडाच्या पद्धतीने केला. अर्ध्या तासाने आरशात पाहते तो काय, भांडणात डोळ्यावर ठोसा खाल्लेली कुणी बाई माझ्याकडे पाहत होती!

मुलगी दारात उभी राहून सारे पाहत होती. तीही माझ्याच वर्गात चित्रकला शिकलेली. ती गंभीरपणे म्हणाली, "आई, हात मोकळा सोड."

तुम्ही विचाराल, या वयात हा उद्योग कशासाठी? प्रश्न रास्त आहे. रंगरंगोटीशी माझे कधी जमले नाही. आमच्या घरात बाईच्या चेहऱ्याला काजळ आणि कुंकू एवढेच ठाऊक. आजीच्या फडताळात अफगाण स्नोची एक रिकामी बाटली होती, पण तिच्यात ती सुया ठेवीत असे. शिक्षकांच्या खोलीत तरुण शिक्षिका छोट्या आरशात पाहून ओठ रंगवू लागल्या की मी वह्यांत डोके घालून मनातल्या मनात हसे. साधेपणालाही एक गर्व असतो, आणि तो साधेपणाच्या पदराआड लपलेला असल्यामुळे लवकर कुणाच्या, निदान स्वतःच्या तरी, लक्षात येत नाही. आपण चेहऱ्याला रंग लावत नाही असे मी अभिमानाने म्हणे, आणि ते म्हणताना माझ्या कपाळावर रोज लालभडक टिकली असे!

त्या टिकलीपासूनच गोष्ट सुरू झाली. तिच्याखाली एक फिकट ठिपका दिसू लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो टिकलीविषयी. काही टिकल्यांच्या गोंदात असे रसायन असते की त्याने त्या जागेचा रंग कायमचा जाऊ शकतो, असे ते म्हणाले. मी टिकली सोडली, कुंकवाचे बोट लावू लागले. पण चार महिन्यांत ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळ दुसरा डाग आला, आणि पावसाळा संपता संपता डाव्या पापणीवर तिसरा. तेव्हा टिकली निर्दोष सुटली आणि डॉक्टरांनी खरे नाव उच्चारले. कोड.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराचे स्वतःचेच रक्षक कधी कधी त्यांना परके समजून मारू लागतात, आणि मग त्या जागी रंग तयार होत नाही. कोड म्हणजे एवढेच. ते स्पर्शाने पसरत नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही, दुखत नाही, खुपत नाही. जगात शंभर माणसांमागे सुमारे एकाला ते असते. आईला असले तरी बहुसंख्य मुलांना ते होत नाही. हे सारे डॉक्टरांनी सांगितले आणि मला ते पटले. परंतु पटलेली गोष्ट आणि आरशात दिसणारी गोष्ट यांची गाठ पडायला फार दिवस लागतात. पाचवीतल्या एका मुलाने मात्र सरळ विचारले, "बाई, हे काय झालं?" मी म्हटले, "इथला रंग संपला." त्याने क्षणभर विचार केला आणि आपली रंगपेटी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी घरी जाताना मी वजिराबादेत एका प्रसाधनांच्या दुकानात शिरले.

दुकानदाराने माझ्यापुढे एकामागून एक बाटल्या मांडल्या. सगळ्या माझ्यापेक्षा गोऱ्या! मी म्हटले, "याहून गडद दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, एवढा डार्क कशाला? दोन शेड उजळ घ्या, सगळे तसंच घेतात." मला हसावे की रडावे ते कळेना. गोऱ्या रंगासाठी आपला समाज झुरत असतो. मुलगी सावळी असली की तिच्या आईची झोप उडते. एका प्रसिद्ध मलमाने पंचेचाळीस वर्षे गोरेपणा नावातच मिरवला आणि २०२० साली तो शब्द नावातून काढून टाकला, पण मनातून तो कुणी काढायचा? आणि हाच समाज, ज्या जागी कातडी खरोखर पांढरी होते, तिथे दृष्टी वळवतो. पांढऱ्या रंगाची एवढी हौस आणि पांढऱ्या डागाची एवढी भीती! त्या दुकानात सावळा रंग विकत मागणारी मी एकटीच बाई असेन.

बाटलीवरची यादी मात्र ओळखीची निघाली. टायटॅनियमचे पांढरे आणि लोखंडाची पिवळी, तांबडी, काळी भस्मे. म्हणजे आमचे पांढरे, पिवडी आणि गेरूच की! मला वाटले, रंगांचे मिश्रण करण्यात माझी हयात गेली. हे काम चार दिवसांचे. पण कागद आणि कातडी यांत फरक आहे. कागद घामाघूम होत नाही, कागद हसत नाही, कागदाला नांदेडचा मे महिना सोसावा लागत नाही. ओठाजवळ लावलेला थर दोन शब्द बोलले की भेगाळे. पांढऱ्यावर तपकिरी लावले तर तपकिरी येण्याऐवजी राखाडी येई, आणि पोतेरे फिरवलेल्या भिंतीसारखी ती जागा अधिकच उठून दिसे. एकदा रंग अगदी तंतोतंत जुळला. मी आनंदाने शाळेत गेले. अर्ध्या तासाने तो हवेने गडद होऊन डागाच्या जागी विटेचा तुकडा बसल्यासारखा दिसू लागला. घरातल्या ट्यूबलाइटखाली जमलेले उन्हात फसे, उन्हात जमलेले वर्गात फसे. एके दिवशी मी तो ओला स्पंज भिंतीवर फेकून मारला आणि चक्क रडले. माझ्या मुलांपैकी कुणी ब्रश फेकला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला धाकट्या मावसबहिणीकडे गेले. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात; त्यांतल्या एका रस्त्यावर तिचे छोटे ब्यूटी पार्लर आहे. सोळा रस्त्यांची गोलाई आणि सोळा शृंगारांचे दुकान, असे ती स्वतःच थट्टेने म्हणते. पूर्वी मी तिला एकदा मोठेपणाने विचारले होते, की ज्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतले पाच लाख लिटर पाणी पाहायला जिथे लोक जमले, त्या गावात तुझे दुकान त्या उन्हाळ्यात कसे चालले? ती म्हणाली होती, "चाललं की. लगीनसराई होती. बायका येताना तोंड धुवायला घरून पाण्याची कळशी आणायच्या." त्या वेळी मला या उत्तराचा राग आला होता. प्यायला पाणी नाही आणि तोंडाला रंग कसला लावता? आता मात्र त्या कळशीचा अर्थ मला थोडा थोडा कळू लागला आहे. दुष्काळाने माणसाचे बहुतेक सगळे नेलेले असते. लग्नाच्या दिवशी चारचौघींत नीटनेटके दिसावे, एवढी एक गोष्ट ती बाई त्याच्या हाती लागू देत नव्हती. चैन म्हणून हिणवावी इतकी ही गोष्ट हलकी नाही.

बहिणीने मला चार दिवस शिकवले. आधी नारिंगीकडे झुकणारा पातळ थर, म्हणजे वरचा तपकिरी राखाडी होत नाही. घासायचे नाही, बोटाने थोपटायचे. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत धीर धरायचा. कड कधी ठेवायची नाही. ती आजूबाजूच्या रंगात विरवून टाकायची. मी चुकले की ती रागावत नसे, "हात मोकळा सोड" असेही म्हणत नसे. माझा हात आपल्या हातात धरून ती तो थर पुन्हा देई. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आरशात पाहिले आणि माझा जुना चेहरा मला दिसला. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

बहीण म्हणाली, "अक्का, आता कुणाला कळायचं नाही. पाहुणे येतील त्या दिवशी अशीच बस."

पाहुणे म्हणजे माझ्या मुलीला पाहायला येणारे. स्थळ लातूरचे होते, पत्रिका आधीच जुळलेली होती, आणि पंधरा दिवसांनी बहिणीच्याच घरी कार्यक्रम ठरला होता. मी म्हटले, "त्यांना आधी सांगायला हवं."

"कशाला सांगायलीस? डाग तुला हाय, पोरीला न्हाई. त्या मुलाचा बाप केस काळे करून यील, ते सांगणार हाय का तो? त्याच्या साखरेचा आकडा विचारणार हायस का तू?"

तोवर माझ्या डोक्यात नीतीचा प्रश्न कधी आलाच नव्हता, हे आता माझ्या ध्यानात आले. येणार तरी कसा? मला ते जमतच नव्हते. राखाडी पोतेऱ्याने कुणाची फसवणूक होत नाही. जोवर हात अडाणी होता तोवर मी प्रामाणिक होते, आणि त्या प्रामाणिकपणात माझे कर्तृत्व काही नव्हते. ज्या संध्याकाळी कला हाताला आली, त्याच संध्याकाळी प्रश्नही दारात येऊन उभा राहिला. बहुतेक सद्गुणांचे असेच असावे. खोटे बोलता येत नाही म्हणून जो खरे बोलतो, त्याची परीक्षा अजून व्हायची असते.

बहिणीचा युक्तिवाद काही पोरकट नव्हता. लातूरहून परतताना एस्. टी.च्या खिडकीशी बसून मी तो उलटसुलट तपासला. जे लोक आईच्या ओठाजवळचा डाग पाहून मुलीला नाकारतील त्यांचा प्रश्नच मुळी अज्ञानाचा आहे. अन्यायाच्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन कुणी घातले? १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा वधूवरांविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर हरकत घेतो. वधूच्या आईच्या पापणीबद्दल तो अवाक्षर काढीत नाही. शिवाय आयुष्य मुलीचे. माझ्या सत्यप्रीतीची किंमत तिने का भरावी?

अहमदपूर मागे पडले, पुढे माळेगाव आले. मार्गशीर्षात इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. जनावरांचा बाजार भरतो, तमाशाचे फड उतरतात. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी त्या यात्रेला आले असताना एका राहुटीच्या फटीतून आत डोकावले होते. एक उतारवयाची बाई हातातल्या आरशाच्या तुकड्यात पाहून तोंडाला रंग लावीत होती. थोड्या वेळाने तीच दिव्यांच्या उजेडात वीस वर्षांची होऊन नाचली. मी वडिलांना विचारले, "ती खोटं बोलते का?" वडील म्हणाले, "नाही. इथं बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे."

वडिलांचे ते उत्तर चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच गावावरून जाताना मला आठवले. बालगंधर्व स्त्रीवेषात रंगभूमीवर येत तेव्हा घरोघरच्या बायका त्यांच्या नेसण्याची आणि केसांची नक्कल करीत. पण हे नारायणराव राजहंस आहेत, पुरुष आहेत, हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असे. त्या रंगात फसवणूक नव्हती, करार होता. १९११ साली 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला त्या दिवशी त्यांचे अपत्य गेले होते, तरी त्यांनी भामिनी रंगवली. ते दुःख त्यांनी प्रेक्षकांपासून झाकले, म्हणून त्यांना कुणी खोटे म्हणत नाही. कारण प्रेक्षकांचे त्यांच्याकडे येणे होते ते भामिनीचे. मी कादंबऱ्या लिहिते. न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगते. वाचक आणि मी यांच्यातला करार पक्का असल्यामुळे माझी झोप कधी उडालेली नाही.

म्हणजे प्रश्न रंगाचा नाहीच. आपण कुणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न आहे. एस्. टी.त शेजारी बसलेल्या बाईचे मी काही देणे लागत नाही. तिला माझा डाग दिसला नाही तर तिचे काही गेले नाही. एखादी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाताना डाग झाकून गेली तर मी तिला खोटी म्हणणार नाही. तिथे गुणांची परीक्षा आहे, कातडीची नाही. पण जे माझे व्याही होणार, ज्यांच्या घरात माझी मुलगी राहणार, ते माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून पुढचे पाऊल टाकणार. त्यांचा पूर्वग्रह चुकीचा असेल. तो चूक आहे हे त्यांना तोंडावर सांगण्याचा मला हक्क आहे. त्यांच्या डोळ्यांत धूळ टाकण्याचा मात्र नाही. आणि धूळ टाकून तरी काय साधणार? मुलीच्या घरी चार दिवस राहायला गेले की सकाळी तोंड धुताना मी दाराला कडी लावायची! दिवाळसणाला, डोहाळजेवणाला, नातवाच्या बारशाला, जन्मभर ती कडी. आणि कडीबाहेर पहारा कोणी द्यायचा? माझ्या मुलीने. जी गोष्ट लाजेची नाही असे मी तिला सांगत आले, ती लाजेचीच आहे असे माझे मौन तिला रोज शिकवीत राहिले असते.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता असोसिएशन' ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली 'नितळ' हा चित्रपट काढला. त्याची नायिका कोड असलेली तरुण डॉक्टर आहे. या माणसांनी केले ते फार मोठे काम, पण त्याची सुरुवात लहानच होती. त्यांनी त्या गोष्टीचे नाव मोठ्याने उच्चारले. मला तर एक टेलिफोन करायचा होता.

तरीही मी आधी मुलीला विचारले. आयुष्य तिचे होते. ती म्हणाली, "सांग. पण त्या दिवशी मेकअप करूनच बस. मला माझी आई नीट दिसलेली आवडेल."

मी मुलाच्या आईला फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आम्ही येतो." ठरल्या दिवशी मी पहाटे उठून तीन पातळ थर दिले. पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई सारखी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही. हळूच म्हणाली, "कुठे आहे हो? दिसत तर नाही." मी ओठाजवळ बोट ठेवून म्हटले, "इथे आहे. रंगाखाली." ती हसली, मीही हसले. इतक्या महिन्यांत मी तो रंग निर्धास्तपणे तोंडावर बाळगला असा तो पहिला दिवस.

ही गोष्ट इथे संपवता आली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण झाले ते असे. आठ दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, "पत्रिका जुळत नाही." पत्रिका तर सर्वांच्या आधी जुळलेली होती! मी दिवसभर घरात मुकाट्याने वावरले. मी योग्य केले असे बुद्धी म्हणत होती. आईचे मन तिचे ऐकत नव्हते. रात्री मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, त्यांनी आपल्यापेक्षा जाड थर लावला गं. पण त्यांना कड विरवायला जमलं नाही."

तिचे लग्न अजून व्हायचे आहे. होईल तेव्हा होईल. माझा हातही अजून पुरता बसलेला नाही. वर्गात मात्र एक फरक पडला आहे. कुणाची रेघ वाकडी आली तर मी दुरून उपदेश करीत नाही, त्याच्या शेजारी बाकावर बसते, त्याचा हात हातात घेते आणि म्हणते, "चल, पुन्हा काढू."

यंदाही नरकचतुर्दशीला आम्ही पहाटे उठू. उटणे लागेल, कढत पाणी अंगावर पडेल, आणि मुलगी मला ओवाळील तेव्हा निरांजनाच्या उजेडात माझे तिन्ही डाग स्वच्छ दिसतील. नंतर उजाडले की मी आरसा घेऊन खिडकीत बसेन. उजवी रेघ बरी येईल. डावीचे काही सांगता येत नाही.